स्कोअरबुकातली रिकामी ओळ

मॅच संपून अर्धा तास झाला होता. स्टंप उपटून झाले होते, किटबॅगांच्या चेनी लागत होत्या आणि मी नेहमीसारखा मांडीवर स्कोअरबुक घेऊन ताळा जुळवत बसलो होतो. एका बाजूला बॅट्समनच्या धावा अधिक सगळ्या अवांतर, दुसऱ्या बाजूला बॉलरच्या नावावर गेलेल्या धावा अधिक बाय आणि लेगबाय, म्हणजे बॅट न लागता निघालेल्या, बॉलरच्या नावावर न जाणाऱ्या धावा. दोन्हीकडे एकच आकडा यायला हवा. त्या दिवशी दोनचा फरक येत होता. पेन्सिलीचं टोक एकेका चौकोनावर टेकवत मी खाली सरकत होतो, तेवढ्यात खांद्यापाशी कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं जाणवलं. आमच्या ज्युनियर टीममधला एक पोरगा. असेल बारा वर्षांचा. टोपी कानांवर आलेली, पँटच्या गुडघ्याला गवताचा हिरवा डाग.

“काका, माझं नाव कुठंय यात?”

मी पान उलटून दाखवलं. बॅटिंगच्या बाजूला नऊ नंबरवर त्याचं नाव होतं, माझ्याच अक्षरात. त्यापुढची ओळ कोरी. आपण मॅच सात विकेट राखून जिंकलो होतो, त्यामुळे नऊ नंबरची पाळी येण्याचा प्रश्नच नव्हता. बॉलिंगच्या बाजूला त्याचं नाव नव्हतं. कॅच घेतलेल्यांतही नव्हतं. “हे बघ, आहेस की तू,” मी म्हणालो. त्याने वाकून पाहिलं. “हो. पण पुढं काहीच नाही,” असं म्हणून तो किटबॅग ओढत निघून गेला. तक्रार केल्यासारखं बोलला नव्हता तो. खिडकीबाहेर बघून पाऊस थांबलाय म्हणावं, तितक्याच सहज म्हणाला होता.

दोनचा फरक पाच मिनिटांत सापडला. दोन लेगबाय मी बॅट्समनच्या नावावर टाकल्या होत्या. घरी आल्यावर मात्र ते ‘पुढं काहीच नाही’ डोक्यातून जाईना.

स्कोअरर कुणी हौसेने होत नाही. गुडघे गेलेले, तरी मैदान सुटत नाही, अशी जी माणसं उरतात त्यांच्या हातात हे बाड येतं. माझ्याही असंच आलं. दुसऱ्या टीमकडून बरीच वर्षं मध्यमगती बॉलिंग केली, मग तिसऱ्या टीमकडून त्याहून मध्यम, आणि मग एक दिवस कुणीतरी पेन्सिल हातात दिली. पण हळूहळू यातही गोडी लागली. निर्धाव ओव्हरची सहा टिंबं जोडून एम काढायचा. त्या ओव्हरमध्ये विकेट पडली असेल तर डब्ल्यू. नो-बॉलला गोल, वाईडला फुली. जुनं पान उघडलं की त्या खुणांवरून दुपारचं ऊनसुद्धा आठवतं. माझा या वहीवर विश्वास होता. मैदानावर घडलं ते सगळं हिच्यात येतं, असं मी धरून चाललो होतो.

त्या रात्री मी मागची पानं उलटली. आधीच्या मॅचमध्ये तो दहा नंबरवर. कोरी ओळ. त्याआधी अकरा नंबर. दोन बॉल, नाबाद शून्य. त्याआधी परत कोरी. मग आठवायला लागलो, की या चार मॅचमध्ये पोरगा करत काय होता? करत होता की. एका ओव्हरला फाईन लेग, दुसऱ्या ओव्हरला थर्ड मॅन, आणि मधे मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालणं. एकदा त्याने दोरीच्या अलीकडे आडवं पडून चौकार अडवला होता, गुडघ्याचा तो डाग तेव्हाचाच. माझ्या वहीत त्याच्या जागी बॅट्समनपुढे ‘२’ एवढंच आहे. वाचवलेल्या दोन धावा कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

गणित तसं शाळकरीच आहे. वीस ओव्हरची मॅच म्हणजे १२० बॉल. अकरा जणांत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अकरा. पण वाटतंय कोण? एका बॉलरला चार ओव्हरची मर्यादा ठेवली की पाच पोरांत बॉलिंग संपते. बॅटिंग पहिल्या चार-पाचांत संपते. आणि हे पाच नि ते पाच वेगळे असते तरी बरं होतं, पण त्या वयात जो चांगली बॅटिंग करतो तोच चांगली बॉलिंगही करतो, कारण तो इतरांपेक्षा वीतभर उंच असतो. म्हणजे सहा-सात पोरं मॅच खेळतात आणि चार-पाच पोरं ती जवळून बघतात. पांढरे कपडे घालून, पार मैदानात उभं राहून.

उंचीचं म्हणालो, त्यावरून आठवलं. वयोगट वर्षावर ठरतो, पण त्या वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलं पोर आणि शेवटी जन्मलेलं पोर यांच्यात जवळजवळ बारा महिन्यांचं अंतर असतं. तिशीत त्याला काही अर्थ नाही. बाराव्या वर्षी मात्र ते अंतर खांद्यात दिसतं, थ्रोमध्ये दिसतं. बऱ्याच खेळांत अभ्यासकांना हेच आढळलंय, की निवडलेल्या पोरांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी जास्त असते. थोरलेपणाला आपण टॅलेंट म्हणून मोकळे होतो. त्या पोराचा नोंदणीचा फॉर्म मीच भरून घेतला होता. वर्ष संपायला सोळा दिवस बाकी असतानाचा त्याचा जन्म.

आमचे सर वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. उन्हातान्हात, स्वतःचे रविवार घालवून ते या पोरांना शिकवतात. पण दोरीपलीकडे पालक उभे असतात, लीगचा तक्ता भिंतीवर लागलेला असतो, आणि हरलं की टीम खालच्या गटात जाते. एकदा मी भीत भीत विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “अहो, हरायला लागलो की हीच पोरं सोडून जातात.” खोटं नव्हतं ते. जिंकलेल्या दिवशी किटबॅगा उचलतानाचा आवाजसुद्धा वेगळा असतो. कोऱ्या ओळीचा पोरगाही जिंकल्यावर सगळ्यांच्या घोळक्यात उड्या मारत होता, मी पाहिलंय. मग मला नेमकं टोचत काय होतं?

बहुतेक माझंच जुनं काहीतरी असेल. पंधराव्या वर्षी मी क्लबकडून मोठ्यांच्यात खेळायला लागलो. एका मॅचमध्ये कॅप्टनने एका टोकाकडून मला सलग अकरा ओव्हर टाकायला लावल्या. लावल्या म्हणजे काय, मीच बॉल सोडायला तयार नव्हतो. तो विचारायचा, “अजून एक?” आणि मी मान डोलवायचो. चार विकेट मिळाल्या. मोठ्या माणसांनी पाठीवर थापा मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि तसाच राहिलो. कमरेच्या जरा वर, डावीकडे, कुणीतरी सळई आडवी घातल्यासारखं झालं. जमिनीवर उताणं पडून छताकडे बघत राहिलो तेव्हा थोडं बरं वाटलं. तो मोसम गेला, आणि नंतरची माझी बॉलिंग कधीच तेवढी वेगवान झाली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी इंग्लंडच्या बोर्डाचे तेव्हाचे नियम वाचनात आले. तेरा वर्षांखालच्या वेगवान बॉलरला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका टोकाकडून सलग, पाच ओव्हर आणि दिवसभरात दहा. पंधरा वर्षांपर्यंत सहा आणि बारा. त्यावरच्या वयांना सात आणि अठरा. म्हणजे पंधराव्या वर्षी एका टोकाकडून सहा टाकल्या की मधे थांबलंच पाहिजे. वाढत्या वयात मणक्याची हाडं पुरती घट्ट झालेली नसतात. बॉल सोडताना पुढचा पाय आपटतो, पाठ मागे वाकते, बाजूला झुकते आणि वळते, हे सगळं एका क्षणात. तेच शंभरदा झालं की हाडाला बारीक चीर जाते. वाचताना मी बोटांवर मोजलं. सहाला थांबायला हवं होतं. माझ्या त्या कॅप्टनला यातलं काही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं, आणि त्या दिवशी मला थांबवलं असतं तर मी रुसलो असतो. म्हणजे ज्याला सगळं मिळतं त्याचंही काही खरं नसतं. एकाची ओळ कोरी आणि दुसऱ्याच्या चौकोनांत टिंबं मावत नाहीत, हे एकाच आळसाचे दोन परिणाम आहेत असं आता वाटतं. विश्वासू पोराकडे बॉल फेकणं सोपं असतं, बस.

असाच एक आळस माझाही होता. लहान पोरांसाठी पिच छोटी करावी असं कुणी म्हटलं की मी हसायचो. आम्ही नाही का खेळलो बावीस यार्डांवर? खेळलो, पण कसे खेळलो ते त्या काळच्या वह्यांत बघा. पानंच्या पानं फुल्यांनी भरलेली. दहा वर्षांच्या पोराला २०.१२ मीटर लांब बॉल पोचवायचा म्हणजे तो आकाशाकडे फेकावा लागतो. मग तो एक तर फुलटॉस जातो, नाहीतर दोन टप्पे पडतो, नाहीतर वाईड. बॅट्समन तीन यार्ड बाजूने जाणारा बॉल बघत उभा, कीपर मागे धावतोय, आणि मी फुली मारतोय. यात क्रिकेट कुठं झालं? ऑस्ट्रेलियाच्या बोर्डाने सगळ्यात लहान गटासाठी १६ मीटरची पिच केली आणि एका बाजूला सातच खेळाडू ठेवले. त्यावरच्या गटाला १८ मीटर आणि नऊ खेळाडू. बॉलचंही तेच. मोठ्यांचा बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, तर नियमांतच लहानांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा सांगितलाय. हातात धरून बघा कधी. लहान बॉलवर छोट्या हाताची दोन बोटं शिवणीवर नीट बसतात. मोठा बॉल तो हात मुठीत धरतो, आणि मुठीतून सुटलेला बॉल स्विंग होत नाही.

एका मैत्रीपूर्ण मॅचला आम्ही एका टोकाचे स्टंप चार मोठी पावलं आत आणून ठोकले. मी मनातून खट्टूच होतो. पण पाचव्या-सहाव्या ओव्हरलाच वहीचं पान वेगळं दिसायला लागलं. फुल्या विरळ झाल्या. टिंबं आली, एक आले, दोन आले. यष्टीमागे झेलबाद, बऱ्याच महिन्यांनी. एका पोराचा बॉल टप्पा पडून आत आला आणि त्याने दांडी उडवली, तेव्हा त्याला स्वतःलाच इतकं नवल वाटलं की तो अपील करत सुटला. बोल्ड झालाय, अपील कसलं करतोस!

नेटमध्येही काही वेगळं नसतं. शनिवारी कडेला उभं राहून बघा. बॅटिंगला तोच, ज्याला उद्या ओपनिंगला जायचंय, वीस मिनिटं. बाकीचे पाच-सहा जण रांगेत बॉलिंग करतात, आणि प्रत्येकाचा पाय रेषेच्या हातभर पुढे. नेटमध्ये नो-बॉल कुणी मोजत नाही. रविवारी मग अंपायरचा हात आडवा होतो आणि सगळे त्या पोरावर ओरडतात. अरे, शनिवारी कुठे होतात तुम्ही? शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या पोरांना “चला, दोन-दोन बॉल” म्हणून पॅडसुद्धा न बांधता उभं करतात, आणि ती पोरं त्या दोन बॉलांत सिक्स मारायला जातात. का नाही जाणार?

२०१६च्या जानेवारीत एका शालेय सामन्यात एका मुलाने नाबाद १००९ केल्या, तो दिवस बहुतेकांना आठवत असेल. इंग्लंडमधल्या कॉलिन्स नावाच्या शाळकरी पोराचा १८९९ सालचा ६२८चा विक्रम मोडला गेला. मीही त्या दिवशी खूश होतो, सगळ्यांना दाखवत होतो. टीमच्या ३ बाद १४६५ झाल्या होत्या. समोरच्या टीमचे दोन डाव होते ३१ आणि ५२. वही चाळत बसलो होतो त्या रात्री मला पहिल्यांदा ती दुसरी टीम आठवली. हजार धावांचे बॉल कुणीतरी टाकले होते. दोरीपलीकडे जाऊन कुणीतरी ते परत आणले होते, दोन दिवस. त्या पोरांच्या त्या दिवसाविषयी मला काहीच ठाऊक नाही. त्या स्कोअररच्या पेन्सिलींचं मात्र काय झालं असेल याचा विचार मी तेव्हाही केला होता, स्कोअररचं लक्ष तिकडेच जातं.

आणि आमच्याकडे जो सगळी बॅटिंग करतो त्याचं काय? हा प्रश्न मला बराच उशिरा पडला. आमचा ओपनर दर आठवड्याला चाळीस-पन्नास करतो. ऑफला बाहेर पडणारा बॉल ओढून लेगला मारतो, पुढचा पाय आडवा टाकून. वीस वेळा मारतो, वीस वेळा बसतो, कारण समोरून सरळ टाकणारं कुणी नसतं. गेल्या मोसमात त्याला मोठ्यांच्या टीममध्ये घेतलं, तर तीन डावांत तीनदा पायचीत. पॅव्हेलियनमध्ये पॅड सोडता सोडता तो मला म्हणाला, “काका, तो बॉल आत आला.” अरे बाबा, बॉल आत येतात. तुला आजवर कुणी टाकला नव्हता एवढंच. नेटमध्ये त्याला टाकणारी पोरं म्हणजे हीच, नऊ-दहा-अकरा नंबरची, ज्यांना मॅचमध्ये कुणी ओव्हर देत नाही. त्यांना दिली असती तर आज त्यांचा बॉल आत आला असता, आणि याचा पाय केव्हाच सरळ झाला असता. ब्रॅडमन लहानपणी ऑस्ट्रेलियातल्या बावरल गावी एकटाच पाण्याच्या टाकीच्या विटांच्या गोल भिंतीवर गोल्फचा बॉल आपटून स्टंपने मारायचा, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्या भिंतीवरून बॉल कुठेही उडायचा. आमच्या ओपनरला तसली भिंतही मिळाली नाही.

तर मी एक आगाऊपणा केला. स्कोअरबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर रेघा मारल्या आणि प्रत्येक पोरापुढे तीन आकडे लिहायला लागलो. किती बॉल खेळला, किती टाकले, किती वेळा बॉल हातात आला. धावा नाहीत, विकेट नाहीत. सहा आठवडे कुणाला सांगितलं नाही. मग एके दिवशी ते पान सरांपुढे धरलं. आधी त्यांच्या कपाळावर आठी आली, स्कोअररला हे उद्योग कुणी सांगितलेत, अशा अर्थाची. मग चष्मा वर करून त्यांनी पान जवळ घेतलं. एका पोरापुढच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा एवढाच?” मी काही बोललो नाही. बोट तिथंच होतं. “मला वाटत होतं मी याला भरपूर देतो.”

पुढच्या मॅचला एका बॉलरला दोनच ओव्हर, म्हणजे दहा जणांनी बॉलिंग. पंचवीस झाल्या की बॅट्समनने बाहेर यायचं. समोरच्या कॅप्टनची संमती आधीच घेतली होती, कारण दुखापत नसताना बाहेर गेलेल्याला त्यांच्या मर्जीशिवाय परत खेळता येत नाही. आणि बॅटिंगची यादी उलटी. ओपनर रुसला. त्याचे वडील दोरीपासून माझ्यापर्यंत चालत आले आणि मी फक्त स्कोअरर आहे हे लक्षात आल्यावर तसेच सरांकडे गेले. आम्ही ती मॅच हरलो, पुढचीही हरलो. दुसऱ्या मॅचला तर आमच्या एका नव्या बॉलरने एका ओव्हरमध्ये इतक्या फुल्या दिल्या की चौकोन पुरला नाही, समासात लिहावं लागलं. सर माझ्याकडे बघत नव्हते. मलाही वाटायला लागलं होतं की आपण गप्प ताळा जुळवत बसलो असतो तर बरं झालं असतं.

त्या दुसऱ्या मॅचमध्ये तो कोऱ्या ओळीचा पोरगा वन डाऊन, म्हणजे तीन नंबरवर गेला. पॅड मांडीपर्यंत आलेले, हेल्मेट डोक्यावर डुलतंय. पहिला बॉल त्याने नुसता पाहिला. दुसरा बॅटच्या कडेला लागून पायाशी पडला. तिसरा लेगच्या बाहेर लांबून गेला, वाईड. चौथ्याला पुढे झुकून बॅट खाली आणली, खणखणीत आवाज आला आणि बॉल सरळ मिडऑफच्या हातात गेला. त्याने मान वळवून मागे पाहिलं, आपल्याकडे कुणी बघितलं का म्हणून. पाचव्याला दांडी गुल.

मॅच संपल्यावर मी ताळा जुळवत होतो, तेव्हा तो परत येऊन उभा राहिला. टोपी तशीच कानांवर. मी त्याची ओळ दाखवली. तीन टिंबं, त्रिफळा, बॉलरचं नाव, शून्य. त्याने ते दोनदा वाचलं.

“किती बॉल खेळलो, काका?”

“चार.”

“पाच.”

“त्यातला एक वाईड होता. वाईड खेळलेल्यात धरत नाहीत.”

तो जरा वेळ विचार करत राहिला. “पण मी सोडला ना तो,” तो म्हणाला. “मारायला गेलो नाही. बघून सोडला.”

मी मागचं पान काढलं आणि तिथे त्याच्या नावापुढे पाच लिहिले.